मागचा हॉर्न

मनस्विनीने हॉर्न दाबला तसा सुदर्शनने हात वर केला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मोटारसायकलचं इंजिन चालू होतं. ती वीस पावलं मागे, आपल्या नवऱ्याच्या, गंधारच्या गाडीवर बसली होती. गंधार गेल्यापासून ती गाडी मल्लिनाथ मिस्त्रीच्या दुकानातच पडून होती.

“ह्या नव्यात ऐकू येतंय तर,” म्हणत मल्लिनाथने इंजिन बंद केलं. “लांबच्या प्रवासाला ह्योच सायलेन्सर बरा, सर. डोकं दुखणार न्हाई.”

लातूरच्या या दुकानात पोरं यायची ती आवाज वाढवायला. औशाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुदर्शननेही दोन वर्षांपूर्वी इथूनच दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवून घेतला होता. गंधार त्याचा शाळेपासूनचा मित्र. सुट्टी लागली की दोघे गाड्या काढायचे.

गेल्या ऑक्टोबरात ते सहस्रकुंडाला निघाले. भोकर सोडल्यावर, इस्लापूरच्या अलीकडे, गंधारच्या छातीत कळ आली. तो रस्त्याकडेला थांबला. शेतात कापूस वेचणाऱ्या नागम्माने नंतर पोलिसांना सांगितलं, “पुढं बघत लई वेळ हॉर्न दाबून राहिला होता. पुढची गाडी थांबलीच न्हाई.” सुदर्शन चाळीस मिनिटांनी परतला. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले होते.

सायलेन्सरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं सुदर्शन तेव्हापासून सगळ्यांना सांगत आला होता. तो स्वतःची गाडी विकायला निघाला तेव्हा मनस्विनीनेच अडवलं. “गाडीचा काय दोष? मागचं ऐकू येईल असा सायलेन्सर घ्या. निवडायला मी येते.”

आता ती उतरून जवळ आली.

“मिस्त्री, जुना बसवा एकदा.”

“कशाला, ताई? काढून ठिवलाय की.”

“मला बघायचंय.”

पाईप गार होईपर्यंत ते थांबले. मग मल्लिनाथने जुना सायलेन्सर चढवला, बोल्ट आवळले. इंजिन सुरू झालं तसं दुकानाचं शटर थरथरलं. समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघू लागली. मनस्विनीने पुन्हा मागच्या गाडीवर बसून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

सुदर्शनचा हात टाकीवर होता. तो तिथेच राहिला असता तर ती निवांत मनाने घरी गेली असती. त्याने हात वर केला.

हॉर्न थांबला. मल्लिनाथने वाकून किल्ली फिरवली.

“त्या दिवशीही?” तिने जवळ येऊन विचारलं.

“हो.” त्याने हेल्मेट काढलं नाही. “वाटलं, परत चहाला थांबायचं म्हणतोय. सकाळपासून तीनदा थांबलो होतो. मला राग आला. मी गाडी आणखी पळवली.”

मल्लिनाथ पाना घेऊन आत गेला. मनस्विनी खाली ठेवलेल्या नव्या सायलेन्सरकडे बघत उभी राहिली. पदराने तिने मान पुसली, मग हात पुसले.

“आईंना यातलं काही सांगू नका,” ती म्हणाली. गंधारची आई दर रविवारी सुदर्शनला जेवायला बोलवायची, त्याच्या आवडीचं करायची. “त्यांना आता तुम्हीच आहात. रविवारी या. नेहमीसारखे जेवा.”

“आणि तुम्ही?”

“मी स्वयंपाक करून बाहेर जाईन.”