डाव्या मांडीवरची थाप

वेंडेल क्रुपा तेरा हंगाम व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला, आणि त्या तेरा हंगामांत चेंडू घेऊन पळण्याची पाळी त्याच्यावर एकदाही आली नाही. तो सेंटर होता. ओणवं व्हायचं, दोन पायांमधून चेंडू मागे सोडायचा आणि सोडता सोडता समोरून येणारा दीडशे किलोचा गडी छातीवर घ्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यात दोन्ही गुडघे गेले, बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकली. पुढे चोवीस वर्षं तो त्याच आघाडीच्या फळीचा कोच झाला. फळीतली पोरं त्याच्या शब्दाबाहेर नसत.

गेल्या वसंतात दूध आणायला म्हणून निघालेला वेंडेल अकरा वर्षांपूर्वी विकलेल्या घराच्या दारात किल्ली फिरवत उभा राहिला होता. आतल्या बाईनं पोलिसांना न बोलावता त्याला पाणी दिलं, ही देवाचीच दया. बायकोला, लोरेटाला, त्यानं हे सांगितलं नाही. ती रोज पहाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जाई आणि त्याच्या नावानं मेणबत्ती लावून येई. तिच्या जिवाला आणखी घोर नको, असं तो स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे ते मोठ्यानं बोलायचीच त्याला धास्ती होती.

डिसेंबरातला तो सामना परगावी होता. सत्तर हजार माणसं घसा फोडून ओरडत होती, त्यामुळे मैदानात शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्याला ऐकू येत नव्हता. अशा वेळी सगळं खुणेवर चालतं. मागे चेंडू घ्यायला उभा असलेला क्वार्टरबॅक पाय उचलतो, सेंटरच्या शेजारचा गार्ड मान वळवून ते बघतो आणि सेंटरच्या मांडीवर थाप देतो. सेंटर मनात एक म्हणतो आणि चेंडू सोडतो. गेल्या वर्षी ही थाप डावा गार्ड द्यायचा. यंदा डावीकडचा गडी नवखा, म्हणून थाप उजवीकडून येई. जुलैपासून वेंडेलनं ती हजारदा घोटून घेतली होती.

मध्यंतराला थोडाच वेळ उरला असताना त्याच्या सेंटरला, एमॉस टिलरीला, हेल्मेटवर हेल्मेट आदळून टोला बसला. एमॉस आपणहून उठला, हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत काढलं, जागेवर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या चेंडूला तो ओणवा झाला आणि त्याची डावी मांडी चार बोटं बाहेर सरकली.

ती थापेची वाट बघत होती.

चुकून झालं असेल, म्हणून वेंडेल गप्प राहिला. दुसऱ्या चेंडूला तेच. तिसऱ्या वेळी उजव्या गार्डला दोनदा बडवावं लागलं, तेव्हा कुठे चेंडू सुटला. टीव्हीवर हे कुणाला दिसणार? पण वेंडेलला ठाऊक होतं, हा पोरगा गेल्या वर्षात ओणवा आहे. तिथं जाऊन आलेल्यालाच ते ओळखता येतं.

मध्यंतर झालं. खोलीत डॉक्टर बाल्दोनी या बाई एमॉसला तपासत होत्या. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे. एमॉसला तीन आठवले. बाईंनी ऑगस्टचा कागद काढला. हंगामाआधी सगळे धडधाकट असताना हीच परीक्षा घेऊन ठेवतात. त्यातही तीनच होते.

"जुळतंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खेळाडूकडे वळल्या.

दर ऑगस्टला फळीला बसवून वेंडेलच सांगायचा, "पोरांनो, आत्ता हुशारी दाखवू नका. पाचातले तीनच आठवायचे. म्हणजे डिसेंबरात डोकं फुटलं तरी कागद जुळतो." पोरं खिदळायची. त्याला हे त्याच्या कोचनं शिकवलं होतं, आणि त्या जोरावर तो स्वतः कितीतरी वेळा परत मैदानात गेला होता.

तो एमॉसशेजारी बाकावर टेकला. "डोकं कसंय रे?"

"आहे की मानेवर. बघा, दिसतंय का!"

"थाप कुठल्या मांडीवर येते?"

"अहो कोच, लग्नाचं वय गेलं तुमचं, मांड्या कसल्या विचारताय!" शेजारचे हसले. एमॉसही हसला आणि म्हणाला, "डाव्या." मग वेंडेलचा चेहरा पाहून घाईनं म्हणाला, "उजव्या, उजव्या. गंमत केली." त्याचा आवाज खाली आला. "कोच, मला काढू नका हो. मार्चात करार संपतोय, घरी दुसरं बाळ येतंय. फुटक्या डोक्यानं चार सामने खेळलो म्हणून तुम्हीच तर सांगता."

सांगत होताच तो. छाती फुगवून सांगत होता.

आता सांगितलं तर चोवीस वर्षांच्या नावाला काळं लागणार. वर कुणीतरी विचारणारच, तुमचं स्वतःचं डोकं कसं आहे? आणि नाही सांगितलं तर? त्याच्याबरोबर खेळलेला लेस्टर असाच खेळत राहिला आणि दुसऱ्या टोल्यानंतर एकोणीस वर्षं खुर्चीत बसून होता. सत्तरीची आई त्याला चमच्यानं भरवायची. वेंडेल त्याला दोनदाच भेटायला गेला. तिसऱ्यांदा जायला धीर झाला नाही. त्यानं प्रार्थना म्हणायला घेतली, तर पाठ असलेले शब्दही ओठांवर येईनात. बाहेर शिट्टी झाली. एमॉस उठून हेल्मेट चढवू लागला.

"डॉक्टर," वेंडेल म्हणाला. इतका बारीक आवाज निघाला, की त्याला पुन्हा हाक मारावी लागली. "डॉक्टरबाई, तो ऑगस्टचा कागद खोटा आहे. त्याचा एकट्याचा नाही. माझ्या सगळ्या पोरांचे. मीच शिकवलंय तसं."

बाई वळून त्याच्याजवळ आल्या. "किती वर्षं?"

"चोवीस."

"आणि तुमचे स्वतःचे कागद?"

उत्तराला न थांबता बाईंनी पुढे होऊन एमॉसच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. हेल्मेट नाही म्हणजे मैदान नाही.

"तुम्ही सांगितलंत?" एमॉस ओरडला. "म्हाताऱ्या, माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलास तू!" हेल्मेट हिसकायला तो झेपावला, भलतीकडेच गेला, भिंतीला धडकला आणि वेंडेलच्या बुटांवर भडाभडा ओकला. बाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती.

"स्ट्रेचर!" त्या म्हणाल्या. "मी गाडीत बसते. कोच, घरी तुम्ही कळवा."

फळी दुसऱ्या कुणीतरी सांभाळली. वेंडेल मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात, सिमेंटच्या भिंतीशी उभा होता. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"कोच?" एमॉसची बायको ओडेसा. मागे टीव्ही चालू होता. "तो बाहेर का नाही आला? दुसराच कोणीतरी दिसतोय त्याच्या जागी."

"पोरी, त्याला दवाखान्यात नेलंय. डोक्याला लागलंय. शुद्धीत आहे, डॉक्टर सोबत आहेत. तू आईला बोलावून घे, एकटी राहू नकोस."

"पण तो तर लगेच उठला होता! मी बघितलं ना. टोल्यानंतरही खेळला."

"हो, खेळला. मला कळलं होतं. मी बोललो, पण उशिरा बोललो."

वर सत्तर हजार माणसांचा गलका उठला आणि विरला.

"किती उशिरा, कोच?"

वेंडेलनं वाकडी बोटं भिंतीला घट्ट रोवली.

"तीन चेंडू," तो म्हणाला. "तीन चेंडू आणि वर अकरा मिनिटं."