सगुणाबाईच्या शेळीची अँटिबॉडी

माझ्या नावावर छापलेल्या एका संशोधन-पेपरात ‘एका निरोगी शेळीपासून मिळवलेली अँटिबॉडी’ अशी ओळ आहे. ओळ खोटी नाही. तरी कुणी त्या पेपरचं कौतुक केलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

साल १९९३. मी परभणीत पीएच.डी. करत होतो. सोनपेठकडच्या बागायतदाराचा पोरगा, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. विषय मेंदूचा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप प्रथिनांच्या बारक्या तुकड्यांतून जातात आणि ते घ्यायला समोरच्या पेशीवर ठरावीक जागा असते. ती जागा नुसती बघून दिसत नाही. म्हणून तिचा प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा शेळीला टोचायचा. शेळीचं शरीर त्याला परका समजून अँटिबॉडी तयार करतं. मग शेळीचं रक्त काढायचं, गोठलं की वरचं पिवळसर पाणी घ्यायचं आणि मेलेल्या उंदराच्या मेंदूची पातळ चकती कापून तिच्यावर टाकायचं. अँटिबॉडी नेमकी त्या जागेला चिकटते, रंग चढवला की तपकिरी ठिपके उमटतात. एवढंच. ती जागा दाखवते, आजार बरा करत नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या दोन्ही शेळ्या साथीत गेल्या. माझे मार्गदर्शक दत्तराव सर म्हणाले, “बाहेरची निरोगी शेळी बघ. इथं आणू नकोस, जिथली तिथंच राहू दे. आणि मार्चपर्यंत काम झालं नाही तर शिष्यवृत्ती विसर.”

मानवत रस्त्यावरच्या एका गावात सगुणाबाईची शेळी बघितली. अंगानं भरलेली, डोळे स्वच्छ. सगुणाबाईचा नवरा दसरा झाला की ऊसतोडीला जायचा. ती मात्र दोन वर्षांपासून मागंच राहत होती, कारण तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीला, रुख्मिणीला, फेफरं यायचं. फडात जिकडं तिकडं कोयते, तिथं अशी पोर न्यायची कशी?

“जित्या जनावराचं रगत काढायचं? न्हाई दादा, पाप लागंल,” ती म्हणाली.

मी बराच वेळ समजावलं. शेवटी तिनं विचारलं, “पन कशापाई पायजे?”

“मेंदूच्या कामासाठी, मावशी.”

तिनं उंबऱ्यात बसलेल्या पोरीकडं बघितलं. “म्हंजे हिच्यावानी असतेत, त्यायच्यासाठी?”

इथं ‘नाही’ म्हणायला दोन अक्षरं पुरली असती. मी म्हणालो, “त्याच्याच कामाचं हाय.” गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर चांगली होती आणि ती मी अशी वापरली. एसटीत बसल्यावर मनातल्या मनात वकिलीही केली, की संशोधन कधी ना कधी कुणाच्या तरी उपयोगी पडतंच.

पहिल्या खेपेला थोडं रक्त घेऊन ठेवलं आणि तो तुकडा शेळीला टोचला. त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी जायचो. सगुणाबाई शेळीला दोन्ही गुडघ्यांत धरायची, रुख्मिणी बाभळीच्या शेंगा चारायची आणि मी मानेतून रक्त घ्यायचो. नळ्या बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवल्या की बाई चहा टाकायची. शेळीचं दूध पोरीला राखून ठेवलेलं असायचं, तरी माझ्या कपात पडायचं. मी ते मिटक्या मारत प्यायचो.

डिसेंबरात पहिली चकती नीट रंगली. सूक्ष्मदर्शकात तपकिरी ठिपके, अगदी हव्या त्या भागात. टोचण्याआधीचं रक्त लावलेली चकती कोरी, म्हणजे ठिपके खरेच. सरांनी पाठ थोपटली. “पण एवढ्यानं भागायचं नाही,” ते म्हणाले, “आणखी चार वेळा रक्त काढ. ह्याच शेळीचं. दुसरीचं असंच निघेल याची खात्री नाही.”

पुढच्या खेपेला सुई शेळीच्या मानेत असताना सगुणाबाई सहज म्हणाली, “दवाखान्याच्या गोळ्यांनी पोरगी नुस्ती झोपायलीय बगा. तुमचं औशिद तयार व्हायलंय तर म्या त्या बंद केल्या.”

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. नळी अर्धी भरली होती. आता खरं सांगितलं तर ही गुडघे सैल करील, शेळी जाईल, मार्च हातचा जाईल, हे सगळं माझ्या डोक्यात झरझर येऊन गेलं. मी नळी भरली, कापूस दाबला आणि चहा पिऊन निघालो.

जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, दंगलीच्या भीतीनं एसटी बंद पडल्या. ठरलेल्या दिवसानंतर बारा दिवस मला जाता आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

गेलो तेव्हा रुख्मिणीच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. भाकरी थापताना फेफरं आलं आणि हात चुलीत गेला. बोटं वळतील की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते.

“लय वाट बगितली तुमची,” सगुणाबाई म्हणाली. “औशिद आनलं का?”

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. औषध नाही, कधीच नव्हतं. ते फक्त मेंदूतली एक जागा दाखवतं.

तिचा चेहरा उजळला. “दावतंय ना? मंग हिच्या डोस्क्यात कुठं बिघाड हाय, तेवढं तरी दावा की.”

“जित्या माणसाचं नाही दिसत, मावशी.” पुढं चकतीचं सांगायला माझी जीभ रेटेना. तिला ते माझ्या तोंडावरूनच कळलं असावं, कारण तिनं पोरीला जवळ ओढलं.

“उद्या गोळ्या घेऊन येतो मी,” मी म्हणालो.

“आनल्यात आमी परवाच.” मग आवाज न चढवता तिनं विचारलं, “त्या दिशी म्या गोळ्याचं म्हनले, तवा तुमाला ऐकू आलं व्हतं ना?”

“आलं होतं.”

“मंग ‘मावशी, गोळ्या चालू ठेवा’ एवढंच म्हनायचं व्हतं. रगत तर म्या तरीबी काडू दिलं असतं.”

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी उठून पळालो असतो, आणि पुढं लोकांना सांगितलं असतं की बाईनं हाकललं. पण ती उठली, शेळी सोडून आणली, गुडघ्यांत धरली आणि म्हणाली, “घ्या. तुमची एसटी चुकंल.”

नको म्हणावं असं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण मार्चला पाच आठवडे उरले होते. मी पिशवीतून सुई काढली. रुख्मिणी पट्टीचा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं शेळीला शेंगा चारत राहिली आणि मी ठरल्याप्रमाणे सगळ्या नळ्या भरून घेतल्या.