फाटकात अडलेली चाकाची खुर्ची

मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्ही मला व्हीलचेअर म्हणता. वृद्धाश्रमाच्या फाटकापासून खोल्यांपर्यंत माणसं पोहोचवणं हे माझं काम. नवी होते तेव्हा येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. आता माझी सीट उसवली आहे, एक चाक कुरकुरतं आणि तेल घालायची कुणाला आठवण होत नाही.

एका सकाळी एक मुलगी मुलाखतीला आली. वृद्धांसाठी समाजसेविकेची जागा भरायची होती. शिक्षण पुरं झालेलं, पण 'अनुभव नाही' म्हणून सगळीकडून तिला वाटेला लावलेलं. माझ्या शेजारच्या बाकावरून ती फोनवर हळूच म्हणाली, "आई, आज नाही जमलं तर कापडाच्या दुकानात उभी राहीन."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. तिच्यातून उतरलेल्या एका माणसाने आपल्या म्हाताऱ्या आईला उचलून माझ्यात बसवलं. व्यवस्थापक बाईंनी मुलीला बाजूला घेतलं.

"हीच तुमची मुलाखत समजा. आजींना वाटतंय, गुडघे दाखवायला आलोय. गोड बोलून खोलीत न्या. आरडाओरडा नको."

मुलीने माझी मूठ धरली. दोन पावलं मला ढकलून ती थांबली, पुढे आली आणि आजींसमोर उकिडवी बसली.

"आजी, हा दवाखाना नाही, वृद्धाश्रम आहे. तुम्हाला इथे ठेवायला आणलंय. आत यायचं की नाही, तुम्ही सांगा."

आजींनी माझी दोन्ही चाकं गच्च धरली. मला पुढेही जाता येईना, मागेही.

"अहो, हे काय बोलून बसलात!" मुलगा ओरडला.

बाईंचा आवाज थंड होता. "तुम्ही जाऊ शकता." मुलीने खाली मान घालून पिशवी उचलली.

"थांब गं," आजी म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "मी घरी दोनदा पडले. माझ्यापायी तुझी नोकरी सुटायची वेळ आली. मला दिसत नाही का? विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, चल बघून येऊ. मी काय पोतं आहे, आणून टाकायला?"

"आई, विचारायची हिंमतच झाली नाही," तो पुटपुटला.

"ही मुलगी इथे राहणार असेल तर येते. महिनाभर बघेन, नाही पटलं तर परत. आणि ही नसेल, तर ढकलून दाखवा मला!"

व्हरांड्यात म्हातारी माणसं जमली होती. काठी टेकलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, मलाही डोळे तपासायला म्हणूनच आणलं होतं."

बाईंनी एकदा त्या आजोबांकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाल्या, "पिशवी ठेवा. आजींना जागा दाखवा."

तेव्हा कुठे आजींचे हात सुटले.

महिना कधीच उलटून गेला. आजी अजून इथेच आहेत. जेवणाला रोज नावं ठेवतात, मुलगा भेटायला आला की त्याच्याशी कडाकडा भांडतात आणि तो निघाला की माझ्यात बसून फाटकापर्यंत येतात. ती मुलगी आता सगळ्यांची ताई झाली आहे.

मित्रांनो, माझी सीट शिवून दिलीत तर मला आनंदच होईल. पण माझ्यात कुणी बसलं असेल, तर मागून ढकलायची घाई करू नका. आधी समोर या, त्या माणसाच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, "कुठे जायचंय?"