मोटारीपासून एक फेक

महेंद्र साळवे दर रविवारी उजाडायच्या सुमारास भिंगारहून स्प्लेंडर काढायचा आणि विळद घाट उतरून मुळा धरणाच्या फुगवट्याकडे वळायचा. पूर्वी मागच्या सीटवर श्रीमंत गुंजाळ असायचा, मासेमारीच्या दोन काठ्या मांडीवर आडव्या धरून, ट्रकवाल्यांना शिव्या देत. आता त्या सीटवर दोरीने आवळलेला एक लोखंडी गळ असे. विहिरीत पडलेली बादली काढायला वापरतात तो, चार वाकड्या नख्यांचा. त्याला मासा कधीच लागला नसता. महेंद्रला मासा धरायचाही नव्हता. त्याला श्रीमंतचा पुढारी पाण्यातून काढायचा होता.

पुढारी म्हणजे लाकडाचा नकली मासा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून श्रीमंतने तो स्वतः कोरला होता. पाठ हिरवी, पोट पिवळं, ओठांना सुनेच्या नेलपॉलिशचा लाल रंग आणि हनुवटीखाली तेलाच्या डब्याच्या पत्र्याची जीभ. दोरी ओढली की त्या जिभेमुळे तो डोकं खाली घालून डुलत डुलत पाण्यात शिरायचा. पोटाखाली दोन तीनतोंडी गळ.

"तोंड उघडं, अंगावर रंग, आन् आत नुसतं लाकूड," श्रीमंत म्हणायचा. "पर मागं धावत्यात बघ सगळी!"

आणि मरळ खरंच धावायची.

लष्कराच्या एका डेपोत, एकाच स्टोअरमध्ये, दोघांनी सगळी नोकरी काढली होती. मासेमारीचा नाद श्रीमंतचा. महेंद्र नुसता शेजारी बसायचा, थर्मासमधला चहा ओतायचा आणि लागलेला मासा जाळीत घ्यायचा. बायको गेल्यावर आणि मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर तर रविवार सोडून त्याच्या आठवड्याला दुसरा दिवसच उरला नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुढारी पाण्याखाली कशाला तरी अडकला. श्रीमंतने काठी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली, दोरी ढिली सोडून पाहिली, झटका देऊन पाहिला. "तोडून टाक," महेंद्र म्हणाला. श्रीमंतने तोडली नाही, पण शेवटी दोरी आपली आपणच तुटली. मग दोघांनी जागेची खूण करून ठेवली. काठावर कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याची पाणी उपसायची मोटार होती. तिच्याशी उभं राहायचं, पलीकडच्या टेकडीवरचं बिरोबाचं देऊळ नाकासमोर धरायचं आणि त्या रेषेत एक फेक. तिथे पुढारी. पाणी उतरलं की काढू, असं ठरलं.

पाणी उतरायच्या आत श्रीमंतला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला.

तेव्हापासून रविवारी सकाळी पुण्याहून फोन यायचा. महेंद्र स्पीकर लावून फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा, दोरी मनगटाला गुंडाळायचा आणि गळ पाण्यात भिरकावायचा. मागच्या रविवारीही असंच झालं.

"टाकला का?" खिशातून आवाज आला.

"टाकला."

"कुठं?"

"मोटारीपासून एक फेक, देवळाकडं तोंड करून. तूच सांगितलंय तसं."

"तुजी फेक... म्हंजी..." श्रीमंतला शब्द शोधावा लागला, "नवरीनं अक्षता टाकल्यासारकी."

"मग ये की इथं आणि दाखव तुझी."

महेंद्रला वाटलं, आपण बोलायला नको होतं.

"वढ," श्रीमंत म्हणाला. "हळू वढ. काय लागलं?"

गळाच्या नखीला शेवाळात गुरफटलेली एक चप्पल आली होती.

"चप्पल आली रे."

"कंच्या पायाची?"

"उजव्या."

"मंग ठिव मला. ह्यो पाय नुसता लोळतोय, त्याला घालू."

दोघंही हसले. श्रीमंतचं हसू आता एका बाजूने फुसकन हवा सुटल्यासारखं यायचं, पण ते त्याचंच होतं. मग कानिफनाथच्या हरभऱ्याचं काय झालं, पाणी किती उतरलं, मोटार परत पुढे न्यावी लागेल असं तो म्हणतोय, असल्या गोष्टी झाल्या. शेवटी सुनेने, मोनिकाने, फोन घेतला.

"काका, तो मासा मिळाला ना की लगेच कुरिअर करा बरं का. म्हणजे बाबांच्या डोक्यातून एकदाचं जाईल. आठवडाभर दुसरा विषय नाही घरात. सारखं आपलं मोटार आणि देऊळ, मोटार आणि देऊळ."

"करतो की," महेंद्र म्हणाला.

पण परत येताना घाट चढता चढता त्याच्या मनात आलं ते असं: मिळाला तर? पुढच्या रविवारी काय बोलायचं? इतक्या वर्षांत ते दोघं स्टोअरबद्दल बोलले होते आणि माशांबद्दल. बायको गेली तेव्हासुद्धा श्रीमंत घरी येऊन तासभर गप्प बसला होता आणि उठताना म्हणाला होता, रविवारी येतोस ना. स्टोअर आता राहिलं नव्हतं. राहिला होता तो एक पाण्यात अडकलेला लाकडाचा तुकडा, आणि फोन यायचा तो त्याच्यासाठी.

या रविवारी महेंद्र काठावर पोचला तेव्हा कानिफनाथ चिखलात उभा राहून पाइपाचा जोड सोडवत होता.

"काका, बरं झालं आले. जरा हात लावा. मोटार फुडं घ्यायची हाय."

महेंद्रने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाइपाचं टोक धरलं. दोघांनी मिळून मोटार उताराला खाली सरकवली.

"काय कटकट हाय," कानिफनाथ धापा टाकत म्हणाला. "पानी पळतंय फुडं आन् आमी त्याच्या मागं. दिवाळीपासनं किती डाव उचलली, मोजायचं सोडून दिलंय."

महेंद्र पाइप धरून तसाच उभा राहिला.

"दिवाळीला कुठे होती ही?"

"दिवाळीला? ती काय, तिकडं वर." कानिफनाथने हनुवटीने दाखवलं. "लिंबाच्या बुडाशी. तवा पानी तिथवर हुतं की."

महेंद्रने मागे वळून पाहिलं. लिंबाचं झाड पार वर, उताराच्या माथ्याजवळ होतं. त्याच्यापासून इथपर्यंत पाण्याने सोडलेली गाळाची जमीन पसरली होती. वरच्या अंगाला काढणी झालेल्या हरभऱ्याची धसकटं, खालच्या अंगाला टरबुजाचे वेल. आणि तो सगळे रविवार पाण्याच्या कडेला उभं राहून पुढे गळ फेकत आला होता. मोटार पाण्यामागे चालत होती आणि खूण मोटारीबरोबर. आज टाकलेली फेक मागच्या फेकीच्याही पुढे पडणार होती. स्टोअरमध्ये रॅक हलवला तर त्यावरची चिठ्ठी आधी बदलायची, हे नव्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं.

तो लिंबापर्यंत चढला. बुंध्याशी पाइपाने घासलेला खड्डा अजून होता. देऊळ नाकासमोर धरलं आणि श्रीमंतच्या एका फेकीचा अंदाज घेऊन उतारावरून खाली चालत आला. हरभऱ्याच्या रानात दगडी बांध होता, आणि बांधावर बाभळीचं तोडलेलं खोड. धरणाच्या पाण्यात बुडून काळं पडलेलं. पाणी ओसरताना त्यावर राहिलेलं शेवाळ वाळून राखाडी फडक्यासारखं लोंबत होतं. महेंद्रने ते फडकं उचललं.

पुढारी तिथे होता. एका अंगाचा रंग उडालेला, पत्र्याची जीभ गंजलेली, ओठ मात्र तसेच लालभडक. कितीतरी आठवडे तो इथे कोरड्या जमिनीवर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, तोंड उघडून बसला होता.

महेंद्रने गळाची टोकं लाकडातून एकेक सोडवली.

"काका, घावलं का काय?" खालून कानिफनाथने हाक दिली.

"काही नाही!" महेंद्र ओरडला, आणि पुढारी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

तो खाली येऊन पाण्याशी उभा राहिला. ठरवण्यासारखं फार नव्हतं. नेहमीसारखा गळ टाकायचा, नेहमीसारखा ओढायचा, नाही मिळाला म्हणायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पावसाळ्यात धरण परत भरलं की शोध आपोआप थांबला असता, आणि तोपर्यंत बरेच रविवार होते. त्याने गळ भिरकावला. तेवढ्यात खिसा वाजला.

"महिंदर!" श्रीमंतचा आवाज इतका मोठा कधी आला नव्हता. "आदी ऐक. बोलू नको. मोटार..."

"हां, बोल."

"मोटार हलती रं!"

महेंद्रच्या हातातली दोरी ढिली पडली.

"तू म्हनला ना मागं... कानिफनाथ मोटार फुडं न्हेनार. मी आठवडाभर... ह्येच. रातीला झोप न्हाई. मोटार हलती, म्हंजी खूण हलती. देऊळ न्हाई हलत. आपन पान्यात हुडकतोय आन् त्यो..." त्याला दम लागला. "त्यो रानात आसंल. कोरड्यात. वर. कळतंय का तुला, गाढवा?"

मागून मोनिकाचा आवाज आला, "बाबा, हळू, हळू."

आताही टाळता आलं असतं. मोटार कुठे हलते, पहिल्यापासून इथंच आहे, असं महेंद्र म्हणाला असता तर श्रीमंतने ते मानलं असतं. गेले कित्येक महिने तो महेंद्रच्याच डोळ्यांनी हा काठ बघत होता. महेंद्रने मोटारीकडे पाहिलं. ओल्या गाळात तिचा ओढत आणल्याचा चर ताजा होता. पुण्यातल्या पलंगावर पडून, अर्धं अंग साथ देत नसताना, त्या माणसाने हा चर शोधून काढला होता.

"अरे!" महेंद्र म्हणाला. "अरे हो की! माझ्या डोक्यातच नाही आलं."

"तुज्या डोक्यात कदी काय आलंय! मोनिका, व्हिडिओ लाव. मला बघायचंय."

"थांब, थांब. इथं रेंज नाही धड. वर जाऊन मीच लावतो."

फोन बंद करून, मनगटाची दोरी सोडून मोटारीला अडकवून महेंद्र पळत सुटला. या वयात उतारावर पळणं म्हणजे काय हे त्याला बांधापर्यंत पोचल्यावर कळलं. पिशवीतून पुढारी काढला. घाईत एक गळ अंगठ्यात घुसला. तो उपसून काढला, रक्त पँटला पुसलं. दोन्ही गळ पुन्हा खोडात रुतवले, वाळलं शेवाळ वरून सोडलं. मग लिंबापाशी जाऊन, श्वास थोडा बसल्यावर, त्याने व्हिडिओ लावला.

पडद्यावर श्रीमंतचा चेहरा आला. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मोठे.

"देऊळ दाव. हां. आता मोटार हुती तिथं हुबा ऱ्हा. चल सरळ. जास्त झालं, डावीकडं. तिकडं काय काळं दिसतंय?"

"बाभळीचं खोड आहे."

"त्याच्यावरचं... ते फडकं उचल. उचल की!"

महेंद्रने शेवाळ उचललं आणि फोन जवळ नेला.

श्रीमंत ओरडला, "त्यो काय! त्यो काय माजा पुढारी! मोनिका, बघ! मी हुडकला, हितं बसून हुडकला!" पडदा हलला, छत दिसलं, पंखा दिसला, मोनिका हसत होती, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. "आन् ह्यो," श्रीमंत कुणाला तरी सांगत होता, "ह्यो तिथं हुबा ऱ्हाऊन बी ह्याला दिसला न्हाई!"

"मानलं तुला," महेंद्र म्हणाला.

"पाटव लगेच. टीव्हीवर ठिवतो. येनाऱ्या-जानाऱ्याला..." आणि बोलता बोलताच त्याने फोन मोनिकाकडे दिला असावा, कारण पडदा आडवा झाला आणि बंद पडला.

महेंद्र बांधावर बसला. अंगठा ठणकत होता. खाली कानिफनाथने मोटार चालू केली. पाइपातून पाणी उसळलं आणि टरबुजाच्या सऱ्यांकडे निघालं. त्याने पुढारी सोडवून रुमालात ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपल्याकडे श्रीमंतचा पुण्याचा पत्ताच नाही. कधी लागलाच नव्हता. म्हणजे विचारायला उद्या फोन करावा लागेल. संध्याकाळी करावा, श्रीमंत दुपारी झोपत असेल.

एवढं मनाशी ठरतंय तोच खिशात फोन थरथरला. त्याने घाईने काढला.

मोनिकाचा मेसेज होता. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, जवळची खूण, पिन कोड, सगळं नीट लिहिलेलं. खाली 'थँक्यू काका', आणि दोन हात जोडलेले.

महेंद्रने तो दोनदा वाचला. पत्त्यात विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग तो उठला आणि पाण्यात टाकलेला गळ ओढायला खाली गेला.