उषाकाकूच्या हातच्या शेवया

पोरींनो, दार लावा आधी. मेसची घंटी वाजली तरी कुणी उठायचं न्हाई, हे मधी सोडता येत न्हाई. कालपासून इचारून राह्यल्या ना, प्रभे, तुझं ते मंठ्याचं स्थळ मोडलं कसं, मुलगा मास्तर होता, फोटोत बी बरा होता. तर ऐका. मोडलं ते माझ्यामुळं मोडलं आन मला त्याचं काही वाटत न्हाई. थोडं वाटतं. पण ते नंतर.

आधी कडू भाकर सांगते. आमच्या वाटूरला कुणी मेलं की त्या घरात तीन दिवस चूल पेटत न्हाई. भावकीतले, शेजारचे भाकरी करून नेतात, ती कडू भाकर. नुसतं टोपलं दारात ठिवून यायचं नसतं. बसायचं, घरच्या बाईला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा आन त्याच ताटातला एक घास आपण खायचा. तवा ती भाकर पोचली. कुणीच नेली न्हाई तर त्या बाईला आपल्या हातानं चूल पेटवावी लागती, आन एकदा तिनं पेटवली की संपलं, मंग तिला गावात कुणी न्हाई.

आता कचरूकाका. आमच्या भावकीतले, ट्रकवर डायवर. वाटूर फाट्यावर ट्रक उभा असला की कुणी बी जाऊन सांगायचं, काका, माय बिमार हाय, जालन्याला न्या. हे माल सोडून आधी दवाखान्यात. निम्म्या गावाला नेलं असंल. मंग तेच वाळत गेले, खोकला थांबंना, रगत तपासलं तर एड्स निघाला. उषाकाकूची आन तिच्या पोरीची बी तपासणी झाली. त्या दोघी बिलकुल चांगल्या निघाल्या, डॉक्टरनं सांगितलं बी की शिवल्यानं, संगं जेवल्यानं लागत न्हाई. पण गावाला ऐकायचंच कुठं होतं?

कचरूकाका गेले सकाळी. माणसं मसणात गेली ती लांब उभी राह्यली, जल्दी जल्दी आली, अंघोळी केल्या आन आपापल्या घरात. अप्पाराव म्हणून आमच्या भावकीतले थोरले हायेत, पांढऱ्या मिशा, सगळं गाव दबकून असतं त्यांना. ते पारावर बसून म्हणाले, "त्या घरात कुणी टोपलं न्यायचं न्हाई. ज्यानं नेलं त्याचं आपलं सरलं."

हे आमच्या मोठ्या मायला हापशावर कळलं. मोठी माय म्हंजी गोजरबाई, माझ्या मोठ्या बाबाची, बापाच्या थोरल्या भावाची, बायको. आमचं एकत्रच घर हाय. गावात कुणाचं बी लग्न असो, पुरण शिजलं का न्हाई ते मोठ्या मायनं बोट घालून सांगितल्याबिगर कुणी उतरवत न्हाई. ती हंडा तसाच घेऊन आली, परातीत पीठ घेतलं आन थापायला लागली. माझी माय म्हणली, "बाई, पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून." मोठी माय म्हणली, "मंग पोरीलाच पिठलं हाटू दे."

मी हाटलं. हाटता हाटता मी तिला सांगितलं की मोठी माय, आमच्या पुस्तकात लिहिलंय, जेवल्यानं लागत न्हाई. ती म्हणली, "बरं झालं. नसतं लिहिलं तरी गेलेच असते मी."

आन गेली कुठून म्हणता? मागच्या बोळीनं गेली असती तर कुणाला कळलं बी नसतं. ही टोपलं डोक्यावर घेऊन मधल्या रस्त्यानं, पारावरून. दिवस कलला होता, सगळे बाप्ये बसलेले, त्यात आमचे मोठे बाबा बी अप्पारावाच्या शेजारी तंबाखू मळून राह्यलेले. मी मागं पिठल्याचं पातेलं घेऊन.

अप्पाराव म्हणाले, "गोजरा, कुठं चालली?"

ते नात्यानं सासरे लागतात. तिनं पदर बराबर सावरला, मान खाली घातली आन म्हणली, "भाकर घेऊन चालले, मामंजी."

"कुणाकडं?"

"ज्याच्या घरी चूल बंद हाय त्याच्याकडं."

"मी काय सांगितलंय ते ऐकलं न्हाई का तू?"

"ऐकलं की. आमच्या सासूबाईला, तुमच्या गिरिजाबाईला, अंगावर नागिन उठली होती, कुणी जवळ जात नव्हतं, तवा मी उशाला बसून होते. तवा न्हाई म्हणाले तुम्ही की गोजरा, सरलं आपलं." मंग मोठ्या बाबाकडं न बघताच म्हणली, "आन कुणाला तंबाखूतून सवड झाली तर पाण्याची कळशी मागून घेऊन या."

मोठे बाबा तसेच बसलेले. मला वाटलं, झालं, आज घरात भांडण. पण थोडं पुढं गेलो तर मागं कळशीचा आवाज. बडबडून राह्यले होते स्वतःशीच, "या बाईनं मला म्हातारपणी बी सुखानं बसू देलं न्हाई," पण आले.

उषाकाकूच्या घरात आत गेलो तर चुलीत पऱ्हाटीच्या काड्या भरलेल्या आन काकूच्या हातात काडीपेटी. पोरगी भुकेनं रडून झोपलेली. अजून थोडा उशीर झाला असता ना, तर तिनं पेटवलीच असती. मोठ्या मायनं तिच्या हातातली काडीपेटी काढून घेतली आन आपल्या कमरेला खोचली. म्हणली, "ही तीन दिवस माझ्याकडं."

काकू म्हणून राह्यली, "बाई, माझ्या ताटात नका खाऊ, तुमच्या पाया पडते." मोठ्या मायनं घास भरवला, आन त्याच ताटातला मोठा घास आपण खाल्ला. मंग मोठ्या बाबांनी खाल्ला. मंग मी. पिठल्यात मीठ कमी होतं, मीच हाटलं होतं ना.

तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी मोठ्या मायनं काडीपेटी परत देली.

मंग काय, गावानं आम्हाला दाखवलंच. गिरणीत आमचा दळणाचा डबा बाजूला. कुणाच्या पुरणाला मोठ्या मायला बोलावणं न्हाई. तर हिनं काय करावं? उन्हाळा लागल्यावर उषाकाकूला रोज आमच्या अंगणात आणून बसवायची, रस्त्यावरून सगळ्यांना दिसंल असं, आन दोघी शेवया वळायच्या. काकूचा हात असा हाय ना, केसासारख्या बारीक शेवया. खाटा भरभरून वाळत टाकायच्या. जाणाऱ्या बाया तिरक्या नजरेनं बघायच्या आन मोठी माय मुद्दाम हाक मारायची, "या ना, चाखून तर बघा." कुणी येत नव्हतं.

आन मंग हे मंठ्याचं स्थळ. आणलं कुणी? अप्पारावांनीच. आमच्या बापाशी बोलणं सुरू ठिवलं होतं त्यांनी, म्हणाले, पोरीचा काय दोष. पाव्हण्यांनी एस.टी.डी. बूथवरून फोन केला की रविवारी येतो. माझ्या मायनं त्या दिवशी हात जोडले, एका दिवसापुरतं उषाला बोलवू नका. मला वाटलं मोठी माय भडकंल. ती मलाच म्हणली, "तुझं लग्न हाय. तू सांगशील तसं. मी काही म्हणणार न्हाई."

हे लई वाईट केलं तिनं. भांडली असती तर सोपं होतं. मी फोटो बघितला, त्याचे डोळे खरंच चांगले होते. मंग मला ती काडीपेटी आठवली. मी चपला घातल्या आन गेले. काकू कोपऱ्यात बसली होती, येणारच नव्हती, तिला माहीत होतं पाव्हणे येणार. मी म्हणलं, "काकू, खीर तुम्ही करायची." ती न्हाई न्हाई म्हणली. मी हाताला धरून आणली, पारावरूनच.

पाव्हणे आले. मुलगा, त्याचा बाप, मामा, आन त्यांच्यात मानानं बसलेले अप्पाराव. खिरीचे वाडगे मी देले. सगळे खाऊन राह्यले, मामा म्हणाला, "शेवया लई नामी हायेत." तेवढ्यात मुलाच्या बापाला काय आठवलं, चमचा धरूनच म्हणाला, "ते एक ऐकलं होतं, त्या डायवरची बायको तुमच्या घरात येती म्हणे?"

माझा बाप टोपी सारखी करून राह्यला. माझी माय दाराआड. पोरीनं तवा बोलायचं नसतं, माहीत हाय ना, खाली बघून बसायचं. मी म्हणलं, "येती. आज बी आलीय. ह्या शेवया तिनंच वळल्यात, खीर बी तिनंच केलीय."

वाडगे खाली ठिवले ना सगळ्या पाव्हण्यांनी. मुलानं बी ठिवला. ते बघितलं मी. तेच थोडं वाटतं म्हणलं ना, ते.

मुलाचा बाप उठला. म्हणाला, "अप्पाराव, तुम्ही आम्हाला असल्या घरात आणलं? आन ह्या गावात माणसं असलं बाटलेलं खातात?"

आता बघा हं. अप्पारावांच्या हातात अर्धा वाडगा. म्हातारा लाल झाला. आमच्यावर न्हाई, त्यांच्यावर. "वाटूरच्या लेकीच्या दारात अन्न टाकून उठता? आमच्या गावाला बाटलेलं म्हणता?" असं म्हणले आन तो अर्धा वाडगा त्यांच्यासमोर सावकाश, एकेक चमचा करून संपवला. आन वरून म्हणाले, "अजून आण गं."

पाव्हणे गेले. अप्पाराव तसेच बसलेले, आता उठावं का बसावं तेच त्यांना कळंना. काकू आतून आली, पदर डोळ्यापर्यंत, तिनं दुसरा वाडगा समोर ठिवला. ते तिच्याकडं न बघता, मोठ्या मायकडं तोंड करून म्हणाले, "साखर कमी टाकती तू."

मोठी माय म्हणली, "मामंजी, ते तिला सांगा, मला न्हाई."

मंग त्यांनी काकूकडं बघितलं. "उषा," म्हणाले, "साखर वाढव." नाव घेतलं म्हणून काकू आत जाऊन रडली, आन मला तर त्या म्हाताऱ्याचा रागच आला. एवढ्या दिवसांनी, आन ते बी साखरेवरून.

गाव सुधरलं असं समजू नका. गिरणीत डबा अजून बाजूलाच ठिवतात. मोठी माय रोज तो उचलून पुढं ठिवती, ते मागं सारतात, ती परत पुढं ठिवती. माझी माय अजून माझ्याशी नीट बोलत न्हाई.

तर तुम्ही दिवाळीला येणार म्हणत होत्या ना माझ्याकडं? या. शेवया उषाकाकूच्याच असतील, पंगतीत मधी काकूच बसंल. ज्यांना खायचं न्हाई त्यांनी आत्ताच सांगा, एस.टी.चं तिकीट वाचंल.