झाकणबाईंचे झाकण

ज्या रविवारी बाईंनी मला शेवटचे हातात घेतले, त्या दिवशी विशेष असे काहीच घडले नाही. शेगडीवर फरसबी शिजत होती आणि तिच्यावर मी बसले होते. मित्रांनो, मी अॅल्युमिनियमचे एक जुने झाकण आहे. मला घडवले शंभर माणसांच्या पातेल्यासाठी. त्यामुळे घरातल्या त्या इवल्याशा पातेल्यावर मी म्हणजे बाळाच्या डोक्यावर आजोबांची टोपी.

बाईंची लेक दर रविवारी यायची. वय चाळिशीचे, नोकरी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, पिशवीत कायम एखादे पुस्तक. ती जिना चढू लागली की बाई दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत. चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे.

"गुडघे दुखतात का गं?"

"नाही गं आई. दर रविवारी तेच काय विचारतेस?"

"सांगितलंस तर काय झिजशील?"

लेकीने मला उचलून पातेल्यात डोकावले. "पाणी फार झालंय. ओतून देऊ?"

"खबरदार! अर्धा जीव त्या पाण्यात उतरलाय. डाळीत घाल ते. एवढी शिकलीस, नळीतलं रक्त ओळखतेस, भाजीचं पाणी ओळखत नाहीस!"

दोघी हसल्या, जेवल्या, भांडी आवरली. निघताना लेक दारात थांबली. "आई," ती म्हणाली. बाईंनी वर पाहिले.

"काही नाही. येते मी."

"ये. सावकाश उतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या.

लेकीच्या ओठांवर काय आले होते, ते मला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी तिने आईला एक वाक्य ऐकवले होते. ते तिला परत घ्यायचे होते. पण ते वाक्य कुठे जाऊन लागले हे कळायचे तर माझी गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागेल.

एका लहान कारखान्यात यंत्राने पत्र्यावर एक धपाटा घातला आणि मी जन्माला आले. मधोमध मूठ ठोकली, कडा वळवली, आणि माझी रवानगी झाली एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. ते होते तळघरात. उजेडाला वाट एकच, छताखालची लांबलचक खिडकी. तिची जाड काच भिंतीतच बसवलेली, उघडायची सोय नाही. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. भाज्या चिरणाऱ्या मावशी त्या पायांवरून माणसांचे भविष्य सांगत. "हे बघा, मोठे डॉक्टर चालले. पाय आपटतायत, म्हणजे आज घरी डबा मिळालेला नाही."

बाई तिथे भांडी घासायला आल्या आणि चार वर्षांत मुख्य स्वयंपाकीण झाल्या. शाळा सातवीपर्यंतच, पण प्रश्न विचारण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. मुलांच्या विभागाच्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी कोणाला काय वाढायचे त्याचे कागद घेऊन खाली येत, आणि बाई त्यांना भंडावून सोडत.

"हे जीवनसत्त्व दिसतं कसं हो?"

"दिसत नाही. वास नाही, चव नाही. आणि लागतं किती, तर मिठाच्या चिमटीहूनही कमी."

"मग आहे हे कळायचं कसं?"

"असताना कळत नाही, बाई. नसलं की कळतं."

बाईंनी पळी उचलली. मग कामाला लागल्या त्या अशा, की पुढची तीस वर्षे त्या स्वयंपाकघरातून एक थेंब पाणी उगीच मोरीत गेले नाही.

त्यांनी जीवनसत्त्वांना घरची माणसे करून टाकले होते. "'क' म्हणजे फार नाजूक पाहुणी," त्या मावशींना सांगत. "आच सोसत नाही, पाण्यात टाकली की वाहून जाते, चिरून ठेवली की रुसते. म्हणून भाजी आधी धुवायची, मग चिरायची, आणि चिरली की लगेच चुलीवर. 'ब' ही एकटी नाही, भावंडांचा गोतावळा आहे. त्यातली बरीचशी पाण्यात उतरून बसतात. आणि 'अ' हा नवरदेव! गाजरात, भोपळ्यात ऐटीत बसलेला असतो, पण तेलाचं बोट धरल्याशिवाय अंगात शिरत नाही."

"आणि आपण कोण?" मावशींनी विचारले.

"आपण वऱ्हाडाला वाढणाऱ्या. आपलं नाव पत्रिकेत नसतं."

या सगळ्यात माझे काम एकच होते. मी नीट बसले की वाफ आत राही, भाजी लवकर शिजे, आणि जितका वेळ कमी तितकी ती नाजूक पाहुणी जास्त शिल्लक राही. कोणी मला जरा बाजूला सरकवले, की दुसऱ्या टोकाकडून आरोळी येई, "झाकण!" दिवसातून शंभरदा येई. म्हणून सगळे त्यांना झाकणबाई म्हणू लागले. त्यांनाही ते नाव आवडे.

एकदा वरून पाहणीला लोक येणार होते. स्वयंपाकघराच्या साहेबांनी फरसबीत हळूच खायचा सोडा टाकला. भाजी अशी हिरवीगार झाली, की पाहणारा बघतच राहील. बाईंनी मला उचलले, वास घेतला आणि साहेबांकडे वळल्या.

"सोडा कोणी घातला?"

"रंग बघा ना बाई, कसा आलाय!"

"रंग आला साहेब, पण आतलं 'ब' नि 'क' मेलं. आता ही भाजी नुसती चित्रातली. भिंतीवर लावा हवं तर."

पाहणीचे लोक तेवढ्यात दारात येऊन पोचले होते, त्यांनी हे ऐकले. त्यांच्यापैकी एका वयस्कर डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिले, आणि त्या दिवसापासून सोड्याचा डबा धुलाईच्या खोलीत गेला.

आणखी एक आठवण सांगते. पुरुषांच्या विभागात एक निवृत्त घड्याळजी दाखल झाले. एकटे राहणारे. दोन वर्षे चहा, बिस्किटे आणि भात, याशिवाय पोटात काही नाही. हिरड्यांतून रक्त येई, पायांवर काळेनिळे डाग, साधे खरचटलेलेही भरून येत नसे. डॉक्टरांनी 'क'च्या गोळ्या दिल्या आणि बाईंना निरोप धाडला. बाई त्यांच्यासाठी मऊ भाजी करत. पातेले चुलीवरून उतरवून, जरा निवू देऊन मग लिंबू पिळत. आधी कधीच नाही. तीन आठवड्यांनी ते घड्याळजी स्वतः जिना उतरून खाली आले आणि बाईंसमोर उभे राहून एक सफरचंद कराकरा चावून दाखवले. बोलले काहीच नाहीत. तोंड भरलेले होते ना!

अशा बाईंना मुलगी झाली. मुलीचे बाबा ती पोटात असतानाच गेले होते. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून तीन महिन्यांची पोर बाईंबरोबर तळघरात येऊ लागली. सफरचंदांची रिकामी लाकडी पेटी, आत घडी घातलेली चादर, हा तिचा पाळणा. तिच्या तोंडात पहिला घास गेला तो माझ्याखाली शिजलेल्या गाजराचा, वर तेलाचे दोन थेंब घालून. हिरव्या भाजीचे पाणी, लिंबू, मऊ डाळ. त्या पेटीतल्या पोरीला काय कमी असणार?

पण दीड वर्षाची झाली तरी पोर उभी राहीना. धरून उभी केली तर पाय धनुष्यासारखे वाकत. मनगटे जाड दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला ओट्यावर निजवून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मुडदूस आहे, बाई. 'ड' कमी पडलंय. ते अन्नात फार थोडं असतं, उन्हामुळे अंगात तयार होतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही."

"पण मी तिला रोज उन्हात ठेवते!"

"कुठे?"

बाईंनी खिडकीखालच्या उजेडाच्या पट्ट्याकडे बोट दाखवले. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिले. त्यांचा आवाज खाली आला. "काच आहे हो मध्ये. ऊब येते, उजेड येतो. पण उन्हातला जो भाग 'ड' तयार करतो, त्याला काच अडवते."

त्या दिवशी दुपारी बाई मला पातेल्यावर ठेवायला विसरल्या. तीस वर्षांत एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून औषधाचे थेंब सुरू झाले, आणि बाईंची जेवणाची सुट्टी गच्चीवर जाऊ लागली. तिथे धुलाईच्या चादरी वाळत असत. दोन चादरींच्या मधल्या जागेत बाई पोरीला मांडीवर घेऊन बसत. पोरीचे हातपाय उघडे, आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर धरलेले मी! मित्रांनो, मी वाफेखेरीज जगात काही पाहिले नव्हते. आकाश पाहिले ते या पोरीमुळे. बाईंचा हात अवघडे, तो त्या बदलत, पण मला खाली ठेवत नसत. त्यांचे स्वतःचे जेवण कधी होई, कधी राही.

एके दिवशी पोरीने चादरीचे टोक पकडले आणि ती उभी राहिली. दोन पावले टाकली. बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाय जवळजवळ सरळ झाले. थोडासा बाक उरला, तो बघणाऱ्याने मुद्दाम बघितला तरच दिसावा एवढा. पण आईचे डोळे मुद्दामच बघतात.

मुलगी मोठी झाली, पुस्तकांत रमली. सोळाव्या वर्षी शाळेत धावण्याच्या शर्यतीसाठी मुलींची निवड होती. कोणीतरी तिच्या पायांवरून बोलले. ती तशीच दप्तरासकट तळघरात आली. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. त्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती. बाई मला हातात धरून उभ्या होत्या.

"सगळ्या रुग्णालयाला जीवनसत्त्वं वाटत बसलीस," मुलगी म्हणाली. "स्वतःच्या पोरीला घटकाभर उन्हात न्यायला मात्र तुला वेळ नव्हता!"

माझी मूठ बाईंच्या पकडीत होती. ती पकड घट्ट झाली, मग सैल झाली. त्यांनी काचेविषयी काही सांगितले नाही. "हात धू," एवढेच म्हणाल्या, "आणि जेवून घे."

वर्षे गेली. स्वयंपाकघरात वाफेवर चालणारी मोठी कपाटे आली. त्यांना दारे होती, झाकणांची गरज नव्हती. आमची रास मोडीत निघाली. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. साहेबांनी विचारले, "आठवण म्हणून काय देऊ?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. सगळे पोट धरून हसले.

त्या निरोपाच्या दिवशी लेकही आली होती, तिशीला टेकलेली. मावशी चहाचा कप हातात घेऊन तिच्याशी सहज बोलत होत्या. "तुझी पेटी इथे असायची बघ. तुझी आई दर अर्ध्या तासाने चूल सोडून यायची आणि ऊन जिथे सरकेल तिथे पेटी सरकवायची. सकाळी त्या भिंतीशी, दुपारी ओट्याजवळ. आम्ही चिडवायचो, पोर वाढवतेयस की सूर्यफूल? तिला बिचारीला काय ठाऊक, काच दगा देईल! आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं."

 घरी आल्यावर लेकीने मला घासायला घेतले. मी स्वच्छच होते, तरी ती घासत राहिली.

त्याला बारा वर्षे झाली. दर रविवारी ती यायची, आणि दर रविवारी ते शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जायचे. आई आपली आहे, कुठे जाते? पुढच्या रविवारी बोलू.

आता पुढचा रविवार येऊन गेला आहे. लेक एकटीच स्वयंपाकघर आवरते आहे. शेजारच्या काकू मदतीला आल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अगं, हे कोणत्याच भांड्याचं नाही. टाकायचं ना?"

"नाही काकू. ते राहू दे."

काकू गेल्या. लेक मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आहे.

मित्रांनो, तुम्हाला सांगायचे ते एवढेच. भाजी धुऊन चिरा, झाकून शिजवा, तिचे पाणी टाकू नका. थोडा वेळ उघड्यावर, खऱ्या उन्हात खेळा. आणि जिने तुमच्यासाठी हे सगळे केले, करताना कदाचित चुकलीही, तिला जे सांगायचे ते आजच्या जेवणाआधी सांगा. अन्नावर झाकण असावे. अशा शब्दांवर नसावे. हे मी, एक झाकण, सांगते आहे.

लेकीने घसा साफ केला. रिकाम्या घरात आपला आवाज ऐकून ती जराशी दचकली. मग थांबली नाही.

"आई, मी तेव्हा जे बोलले ते खरं नव्हतं. मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे आणि मी तुला सांगितलं नाही. तुला वेळ होता. तुझा सगळा वेळ तू मलाच दिलास. मी चालते ना, आई, ती तुझ्यामुळे चालते."