धाकट्यासाठी दिलेली पिशवी

शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना प्लेटलेटची पिवळसर पिशवी लागली, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या धाकट्या भावाच्या प्लेटलेट मास्तरांपेक्षा कमी होत्या. तरी त्याच्या उशाशी नुसतं सलाइन लटकत होतं.

ताई बसमध्ये तिकीट तपासनीस. माणूस उगाच खिसे चाचपू लागला की फुकट्या कोण, हे तिला विचारावं लागत नसे. वॉर्डात ती त्याच नजरेने बसून होती. मास्तरांचा जावई इस्पितळाला औषधं पुरवतो, हे कानावर आल्यापासून तर तिने सगळं जुळवूनच टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. मास्तरांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, धाकट्याला कुठेच रक्तस्राव नाही आणि त्याचा आकडाही अजून धोक्याच्या रेषेच्या वर आहे. पिशवीने ताप येऊ शकतो, कधी जंतूही जातात. शिवाय परक्या पेशींविरुद्ध शरीर एकदा तयार झालं, की ऐन गरजेला चढवलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत. ताईने मान डोलावली. एकही शब्द तिला पटला नव्हता.

“मग माझ्या घ्या. मी कुठे परकी आहे?”

“तुमच्या तर मुळीच नाही,” बाई म्हणाल्या आणि कारण सांगायच्या आत दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं म्हणून निघून गेल्या.

मुळीच नाही? ताईचं डोकंच फिरलं. ती तडक रक्तपेढीत गेली, बहीण म्हटलं तर घेणार नाहीत म्हणून आपण धाकट्याची शेजारीण आहोत असं सांगितलं आणि हात यंत्राला जोडून घेऊन आडवी झाली. यंत्राने प्लेटलेट काढून घेतल्या, उरलेलं रक्त तिला परत दिलं. आता बघू कोण अडवतं, असं म्हणत ती धाकट्यापाशी आली. त्याला तेवढं खरं सांगितलं.

“बाप रे,” तो म्हणाला. “आता मीही लोकांवर डाफरायला लागणार.”

दुसऱ्या दिवशी त्याचा आकडा रेषेखाली घसरला. बाईंनी स्वतःच पिशवी मागवली आणि ताईला दारापाशी बोलावून घेतलं. काल राहून गेलेलं त्यांनी आता सांगितलं. धाकट्याच्या हाडांमधला मगज रक्तच बनवत नाहीये. ताईचा मगज त्याला जुळतोय, तपासणीचा निकाल आलाय. तो पुढे द्यायचाय. त्याआधी तिच्या रक्तातलं काहीही त्याच्या अंगात गेलं, तर त्याचं शरीर तिच्या पेशींना वैरी समजू लागेल आणि मगज नाकारण्याचा धोका वाढेल.

ताईने बाईंचा चेहरा निरखला. हेही थोतांड असेल तर? पिशवी तिची आहे याचा सुगावा लागून, त्याला आज ती मिळू नये म्हणून रचलेलं? तेवढ्यात परिचारिका पिशवी घेऊन आली. रक्तपेढीने त्याच्या नावावर राखून ठेवलेली. धाकट्याच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके उठले होते. गप्प बसलं तर हे आत्ता थांबेल. बोललं तर दुसरी पिशवी येईपर्यंत तो असाच पडून राहील, आणि त्यात डोक्यातच रक्त सुटलं तर तिने कुणाकडे बघायचं?

परिचारिकेने नळी हातात घेतली.

“थांबा,” ताई म्हणाली. “ती माझी आहे. मी शेजारीण म्हणून दिली.”

बाईंनी आधी पिशवी बाजूला घेतली. मग जे बोलल्या, ते ताईने खाली मान घालून ऐकलं. पिशवी पलीकडच्या वॉर्डात कुणाला तरी गेली आणि धाकट्यासाठी परक्या दात्याची शोधाशोध सुरू झाली.

ताई त्याच्या पायथ्याशी बसली. बाईंवर तिचा विश्वास बसला होता असं नाही. तिने चादर सरकवून एका नडगीवरचे ठिपके पाहिले, मग दुसऱ्या.

“तोंड उघड,” ती म्हणाली.

“आत्ताच तर बघितलंस.”

“परत उघड.”

त्याने उघडलं. ती हिरड्या बघत राहिली.